हिमगाभ्यातून जुना वारा कसा मोजायचा

दक्षिण गोलार्धातल्या पश्चिमी वाऱ्यांची ओळख शाळेतच होते: गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ. या वाऱ्यांचा पट्टा गेल्या शे-दोनशे वर्षांत जोरकस झाला का, ध्रुवाकडे सरकला का, हे मात्र सांगणं अवघड. दक्षिण महासागरावर वेधशाळा जवळपास नाहीतच. अंटार्क्टिकातली बरीचशी केंद्रं १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास सुरू झाली आणि उपग्रहांची भरवशाची सलग माहिती मिळते ती १९७९ पासून. त्याच्या मागे जायचं तर बर्फ खणावा लागतो.

बर्फात वारा सापडत नाही. वाऱ्याने आणून टाकलेला माल सापडतो: समुद्राचं मीठ, वाळवंटाची धूळ, डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळांची काचेसारखी कवचं. यातली एकेक गोष्ट वाऱ्याखेरीज आणखी दोन-तीन कारणांनी कमीजास्त होते. त्यामुळे या कामात निम्मे कष्ट मोजण्याचे, तर निम्मे ही दुसरी कारणं एकेक करून खोडण्याचे. पुढची पद्धत अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याकडच्या भागातल्या १०० ते १५० मीटर खोल कोअरसाठी, म्हणजे ड्रिलने कापून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यासाठी, आहे. दक्षिण अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि एल्सवर्थ लँड हा तिचा हक्काचा प्रदेश, कारण पश्चिमी वाऱ्यांची वादळं तिथे थेट समुद्रावरून येऊन आदळतात. तीन-तीन किलोमीटर खोलीचे कोअर हा निराळा उद्योग आहे. त्याचा उल्लेख लागेल तिथेच येईल.

जागा

सगळ्यात महाग चूक इथेच होते, कारण ती प्रयोगशाळेत दुरुस्त करता येत नाही. पहिला प्रश्न वर्षाला हिम किती साठतं हा. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी इथे वर्षाला जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर पाण्याएवढं हिम साठतं. म्हणूनच तिथल्या सव्वातीन किलोमीटर बर्फात ८ लाख वर्षं मावली; पण एकेक वर्ष वेगळं काढता येत नाही. आपल्याला वर्ष हवं आहे. त्यासाठी वर्षाला निदान १५ ते २० सेंटीमीटर पाण्याएवढा हिमसंचय पाहिजे. ४० असला तर उत्तम. चौरस मीटरला ४०० किलो, म्हणजेच ४० सेंटीमीटर पाणी, असा संचय धरला तर १२० मीटरचा कोअर साधारण दोनशे वर्षं मागे जातो. तळाशी १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीची खूण मिळेल की थोडक्यात हुकेल, अशा बेताचा हा हिशेब असतो. शक्य असेल तर दहा-वीस मीटर जादा खोदून ठेवा.

जागा बर्फाच्या घुमटावर किंवा दोन बाजूंना बर्फ वाहून जातो त्या दुभाजकावर असावी. उतारावर खोदलं तर खालचा बर्फ मुळात दुसरीकडे, वरच्या अंगाला पडलेला असतो आणि तिथून घसरत आलेला असतो. मग संचयातला फरक काळामुळे की जागेमुळे, हे सांगता येत नाही. आधी जमीनभेदी रडार स्लेजला बांधून दोन-चार किलोमीटरच्या आडव्या-उभ्या रेघा मारा. थर सपाट आणि समांतर दिसले पाहिजेत. थर एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळते होत असतील तर तिथे वारा हिम उचलून दुसरीकडे टाकतो आहे. ती जागा सोडा. वाऱ्याचा इतिहास शोधायला वाऱ्याने झोडपलेली जागा घ्यावी असं वाटणं साहजिक आहे, पण अशा जागी कधी अख्खा हिवाळाच उडून गेलेला असतो.

उन्हाळ्यात वितळणारी जागाही टाळा. वितळलेलं पाणी खाली झिरपताना मीठ आणि आम्लं सोबत नेतं आणि एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षाच्या खात्यात जमा होतो. उघडे खडक जवळ नकोत. पूर्व अंटार्क्टिकात भारताचं मैत्री केंद्र ज्या शिर्माखर ओॲसिसवर आहे तशा खडकाळ पट्ट्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला कोअर घेतला, तर त्यात शेजारच्या अंगणातली धूळ भरेल आणि ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाहून आली असं आपण लिहून मोकळे होऊ.

अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरणविषयक माद्रिद प्रोटोकॉलमुळे खोदकामाआधी पर्यावरणीय मूल्यमापन आणि परवानगी लागते. ते काम मोसमाच्या बरंच आधी हाती घ्या.

खड्डा आणि खोदकाम

वरचा दीड-दोन मीटर हिम इतका भुसभुशीत असतो की ड्रिलमध्ये त्याचा चुरा होतो. म्हणून आधी दोन मीटरचा खड्डा खणा. गाड्या, तंबू आणि जनरेटर वाऱ्याखालच्या बाजूला, निदान दोन-तीनशे मीटरवर ठेवा. खड्ड्याची वाऱ्याकडची भिंत नमुन्यांसाठी राखायची. तिच्या काठावर कोणी पाऊल टाकायचं नाही. पूर्ण अंग झाकणारा स्वच्छ पोशाख आणि पावडर नसलेले हातमोजे घालून भिंत दहा सेंटीमीटर आत तासा, मग दर ३ ते ५ सेंटीमीटरला नमुना घ्या. खड्ड्याची आणि कोअरची नोंद एकमेकांवर निदान अर्धा मीटर तरी चढली पाहिजे, नाहीतर वरची दोन-तीन वर्षं जुळत नाहीत. नेमक्या त्याच वर्षांची उपग्रहांशी तुलना सगळ्यात चांगली होते.

हातड्रिलने वीस-तीस मीटरपर्यंत जाता येतं. पुढे विजेवर फिरणारं, तारेला टांगलेलं ड्रिल लागतं. या खोलीला भोकात द्रव भरावा लागत नाही. साधारण ३०० मीटरनंतर बर्फाच्या दाबाने भोक मिटायला लागतं, म्हणून खोल कोअरला रॉकेलच्या जातीचे द्रव ओततात. आपलं कोरडं भोक रसायनाच्या दृष्टीने फायद्याचं.

ड्रिलचे भाग थोडेच असतात. तळाशी तीन पाती; त्यांच्या मागे एका फेऱ्यात किती खोल उतरायचं ते ठरवणारे बूट, जे ३ ते ५ मिलिमीटरवर लावतात; आतल्या नळीत कोअर शिरतो आणि बाहेरच्या मळसूत्रावरून भुसा वर जातो. कडेला दातेरी पकडी असतात. ड्रिलवाले त्यांना कोअर डॉग म्हणतात. तार वर ओढली की त्या कोअरात रुततात आणि तो तळापासून तुटतो. वरच्या टोकाला अंग फिरू नये म्हणून भोकाच्या भिंतीला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या असतात.

बिघाड बहुधा उष्णतेमुळे होतात. नळी उन्हात ठेवली की ती तापते, भोकात उतरल्यावर भुसा तिला चिकटून गोठतो आणि कोअर आत अडकतो. ड्रिल कायम सावलीत ठेवा. दिवसा हवा उणे दहाच्या वर जात असेल तर सूर्य खाली असताना, म्हणजे 'रात्री' खोदा. फेरीमागे ७० सेंटीमीटर ते एक मीटर एवढाच कोअर घ्या. अजून वीस सेंटीमीटर निघतील या मोहात भुसा कोंबला जातो आणि ड्रिल अडकतं. कोअर तबकड्यांसारखा तुटून येऊ लागला तर आधी पात्यांची धार तपासा.

वहीतली नोंद

कोअर वर आला की पहिलं काम वरची बाजू ठरवून बाण काढण्याचं. पेन्सिलीने खूण पिशवीवर आणि लेबलावर. शाईच्या पेनात रसायनं असतात. मग फेरी क्रमांक, लांबी, भोकाची खोली, तुटलेली टोकं एकमेकांत बसतात का, वितळून गोठलेले चकचकीत थर किती जाडीचे आणि कुठे. नोंदलेल्या लांबीची बेरीज आणि तारेवरची खोली यांत फरक पडतोच. तो रोज संध्याकाळी मिटवा. मोसमाच्या शेवटी मिटत नाही.

प्रत्येक तुकड्याचं वजन करा, घनता त्यातून निघते. ९८ मिलिमीटर व्यासाच्या कोअरचं क्षेत्रफळ ७५.४ चौरस सेंटीमीटर. तुकडा ७० सेंटीमीटर लांब आणि २,६४० ग्रॅमचा असेल, तर घनफळ ५,२८० घन सेंटीमीटर आणि घनता ०.५०. हा अजून बर्फ नाही. हिम दबून दाणेदार झालेला आहे, त्याला फर्न म्हणतात, आणि त्यात हवा खेळती आहे. घनता ०.८३ च्या आसपास गेली की छिद्रं बंद होतात आणि हवेचे बुडबुडे अडकतात. पक्का बर्फ ०.९१७ चा. बुडबुड्यांतली हवा शेजारच्या बर्फापेक्षा तरुण असते ती याच कारणाने. आपल्या कामात बुडबुडे लागत नाहीत. घनता मात्र लागते, कारण तिच्याशिवाय थराच्या जाडीवरून वर्षाचं हिम काढताच येत नाही. चेपलेल्या, कडा उडालेल्या तुकड्याची घनता कमी येते. अशी मूल्यं वगळून उरलेल्यांतून खोलीनुसार एक सलग वक्र बसवा आणि पुढे तोच वापरा.

कोअर पॉलिथिनच्या नळीत बंद करून उष्णतारोधक खोक्यांत, सतत उणे २० अंशांखाली न्यायचा. दर तीन-चार खोक्यांमागे एक तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा. भारतीय मोहिमांचा बर्फ गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात येतो. तिथे उणे २० अंशांच्या खोल्या आहेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत खोकं दोन मिनिटं उघडं राहिलं तरी गार कोअरावर हवेतलं पाणी गोठून बसतं. ते पाणी समस्थानिकांच्या, म्हणजे पाण्यातल्या जड-हलक्या ऑक्सिजन-हायड्रोजन अणूंच्या, मोजणीत गोव्याचा पाऊस म्हणून उमटेल. खोकी थंड खोलीतच उघडायची.

कापणी आणि वितळवणं

कापणी उणे २० ला, स्टीलच्या पात्याच्या पट्टा-करवतीवर. कोअर लांबीत चार भागांत विभागतात: मधला ३२ ते ३५ मिलिमीटर चौरसाचा दांडा सलग रसायन मोजणीसाठी, एक पट्टी समस्थानिकांसाठी, एक मोठा तुकडा डायटमसाठी, आणि उरलेला राखीव. बाहेरच्या कातडीला ड्रिल, हात, पिशवी सगळं लागलेलं असतं. रसायनाचा नमुना तिथून कधीच घ्यायचा नाही.

दांडा तापवलेल्या ठोकळ्यावर उभा ठेवून मिनिटाला ३ ते ४ सेंटीमीटर वेगाने वितळवतात. ठोकळ्याला दोन वर्तुळं असतात: आतल्याचं स्वच्छ पाणी यंत्रांकडे, बाहेरच्याचं गटारात किंवा समस्थानिकांकडे. आत जितकं वितळतं त्याहून कमी पाणी पंपाने ओढा, म्हणजे जादा पाणी आतून बाहेर वाहतं आणि बाहेरची घाण आत शिरत नाही. फर्नला इथे खोड आहे. तो सच्छिद्र असल्याने वितळलेलं पाणी टीपकागदासारखं वर शोषतो आणि दोन-चार सेंटीमीटरची नोंद पुसट होते. उपाय म्हणजे पाणी पटकन खाली जाईल अशा खोल चिरा असलेला ठोकळा आणि न अडखळणारा वेग. वरच्या दहा-पंधरा मीटरांत तरीही जमत नसेल तर तो भाग हाताने तुकडे करून आयन क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेला बरा.

दिवसाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी १८.२ मेगाओहम-सेंटीमीटरच्या शुद्ध पाण्याचा गोठवलेला दांडा करवतीपासून यंत्रापर्यंत सगळ्या वाटेने न्या. नुसतं बाटलीतलं शुद्ध पाणी मोजून फक्त यंत्र स्वच्छ असल्याचं कळतं. करवत आणि हातमोजे यांचं काय, ते हा दांडाच सांगतो.

मिथेनसल्फॉनिक आम्ल आधी मोजा. समुद्री शेवाळांपासून येणारं हे आम्ल साठवणीत कोअरमधून निसटत राहतं; तीन वर्षं शीतगृहात पडलेल्या कोअरमधला त्याचा आकडा मूळचा धरता येत नाही.

समस्थानिकांच्या बाटल्या काठोकाठ भरा. मोकळी जागा राहिली तर बाष्पीभवनाने आकडे बिघडतात. लेझर यंत्रात आधीच्या नमुन्याची आठवण उरते, म्हणून एका बाटलीतून सहा वेळा टोचून पहिले तीन आकडे फेकतात. ऑक्सिजनमध्ये ०.१ आणि हायड्रोजनमध्ये १ प्रति मिलच्या (हजारात एक भाग) आतली अचूकता पुरे.

वर्षं मोजणं

एकाच खुणेवर वर्षं मोजू नका. ऑक्सिजन-१८, म्हणजे जड ऑक्सिजन, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उन्हाळ्यात चढतात. पेरॉक्साइड सूर्यप्रकाशात हवेतच बनतो, त्यामुळे ध्रुवीय रात्रीत तो जवळपास थांबतो आणि लाट ठळक उमटते. शेवाळांमुळे येणारं सल्फेट आणि मिथेनसल्फॉनिक आम्लही उन्हाळ्याचं. सोडियम बहुधा हिवाळ्यात वर. चारपैकी तीन खुणा पटल्या की वर्ष पक्कं. दोनच पटल्या तर 'अर्धं वर्ष' म्हणून नोंद करा, म्हणजे मोजणीत किती चूक असू शकते याचा अंदाज आपोआप तयार होतो. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून मग ताडून पाहावं.

वर्षाला ८ ते १० नमुने मिळाले पाहिजेत. चौरस मीटरला ४०० किलो संचय आणि ०.५० घनता असेल तर वर्षाचा थर ८० सेंटीमीटर, ०.८५ ला ४७ सेंटीमीटर. ४ सेंटीमीटरच्या नमुन्याने तळाशीही अकरा-बारा मिळतात. फर्नमधली वाफ समस्थानिकांची लाट हळूहळू पुसत जाते, म्हणून खाली खाली रसायनांवर जास्त भिस्त ठेवा.

मोजणी ज्वालामुखींना बांधायची. पिनातुबो आणि चिलीचा हडसन यांचा १९९१ चा माल अंटार्क्टिकात मुख्यतः १९९२ मध्ये पडला. अगुंग १९६३ चा, क्राकाटोआ १८८३ चा. सगळ्यात ओळखीची जोडी १८०९ चा अनोळखी ज्वालामुखी आणि १८१५ चा तांबोरा: दोन शिखरं, मध्ये सहा वर्षं. ही जोडी सापडली की तळ पक्का. किनाऱ्याकडे शेवाळांच्या सल्फेटचा गोंगाट इतका असतो की क्राकाटोआ दिसेलच असं नाही. अशा वेळी हिवाळ्यातल्या किमान सल्फेटवर नजर ठेवा. उन्हाळी शिखरं कितीही उंच असोत, ज्वालामुखीचं आम्ल हिवाळ्याचा तळही वर उचलतं. अणुचाचण्यांचा किरणोत्सर्ग १९५५ आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला चढतो. ती दुसरी खुंटी. खुंट्यांच्या मध्ये एक ते तीन वर्षांची चूक गृहीत धरा आणि ती पुढच्या प्रत्येक आलेखात न्या.

मीठ, धूळ आणि त्यांचा मूळ गाव

सोडियम आणि कॅल्शियम समुद्रातूनही येतात आणि मातीतूनही. समुद्राच्या पाण्यात वजनाने कॅल्शियम हे सोडियमच्या ०.०३८ पट, तर भूकवचात सरासरी १.७८ पट. त्यावरून दोन समीकरणं:

समुद्री सोडियम = (१.७८ × सोडियम − कॅल्शियम) ÷ १.७४२

मातीचं कॅल्शियम = १.७८ × (कॅल्शियम − ०.०३८ × सोडियम) ÷ १.७४२

सोडियम १०० पीपीबी (अब्जात १०० भाग) आणि कॅल्शियम ६ पीपीबी मोजलं असेल, तर समुद्री सोडियम ९८.७ आणि मातीचं कॅल्शियम २.२ पीपीबी. किनाऱ्याजवळ दुसरा आकडा मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून येतो; कॅल्शियम अर्ध्या पीपीबीने चुकलं तर उत्तर जवळपास पाव हिश्शाने बदलतं. सल्फेटमधून समुद्री सोडियमच्या ०.२५ पट वजा केलं की बिगर-समुद्री सल्फेट उरतं. हिवाळ्यात हे कधी ऋण येतं. ती यंत्राची चूक नसते: समुद्र गोठताना सोडियम सल्फेटचे स्फटिक आधीच खाली बसतात आणि समुद्रबर्फावरून उडालेल्या मिठात सल्फेट कमी असतं. ते ऋण आकडे पुसून शून्य करू नका, कारण ते मीठ कुठून आलं याची साक्ष देतात.

आणि गोम तिथेच आहे. सोडियम वाढलं म्हणजे वारा वाढला, असं पूर्वी सरळ मानलं जाई. पण हिवाळ्यातलं बरंच मीठ गोठलेल्या समुद्रावरच्या खारट हिमातून उडून येतं. मग सोडियम वाढण्याचं कारण वारा की समुद्रबर्फाचा जादा विस्तार? एकट्या सोडियमवरून ठरत नाही.

धुळीत आकार बघा. जड कण लवकर खाली बसतात, म्हणून पठारावर पोहोचणारी बहुतेक धूळ दोन-तीन मायक्रॉनची असते. एकूण धुळीत मोठ्या कणांचा टक्का वाढला तर वारा जोरकस किंवा वाट जवळची झाली असं म्हणता येतं; नुसती धूळ वाढली तर कदाचित उगमाकडचा प्रदेश कोरडा पडला असेल. हिमयुगात डोम सीवर धुळीचा निक्षेप, म्हणजे चौरस मीटरला वर्षाकाठी पडणारा माल, उबदार काळाच्या सुमारे पंचवीस पट होता. तो सगळा हिशेब वाऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. कोरडा पॅटागोनिया आणि हवेतून धूळ धुऊन काढणाऱ्या पावसाची कमतरता हेही त्यात आहेत.

डायटम हे या कामातलं तुलनेने नवं आणि, आमच्या मते, या प्रदेशासाठी सगळ्यात उपयोगी हत्यार. ही शेवाळं उघड्या समुद्राच्या पृष्ठभागावर असतात. वारा लाटांचे फुगे फोडतो, थेंब उडतात आणि कवचं हवेत जातात. समुद्र गोठलेला असेल तर ती उडत नाहीत, म्हणून मिठाची अडचण इथे कमी होते. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी द्वीपकल्प आणि एल्सवर्थ लँडच्या कोअरांत वर्षागणिक डायटमची संख्या आणि पश्चिमी वाऱ्यांचा वेग यांचा मेळ दाखवला आहे. एका वर्षाचा बर्फ स्वच्छ डब्यात वितळवा, सुमारे १ मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून गाळा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पडदा पूर्ण मोजा. कोपरा मोजून गुणाकार नको. संख्या मोजकीच असते. २५ कवचं मिळाली तर आकडेशास्त्रीय चूक ±५, म्हणजे २० टक्के. ९ मिळाली तर ३३ टक्के. म्हणून डायटमसाठी कोअरचा मोठा तुकडा राखायला आधी सांगितलं. गोड्या पाण्यातल्या जाती वेगळ्या काढा, त्या जमिनीवरच्या तळ्यांतून येतात.

प्रमाण की निक्षेप

९८.७ पीपीबी सोडियम आणि वर्षाला ४०० किलो हिम, यांचा गुणाकार चौरस मीटरला ३९.५ मिलिग्रॅम. पीपीबी वापरायचं की हा वार्षिक निक्षेप, यावर वाद चालतात. उत्तर जागेवर आहे. पठारावर माल बहुतांशी कोरडा पडतो, म्हणजे हिम पडो न पडो, माल पडतोच. तिथे हिम जास्त झालं की पीपीबी नुसतं पातळ होतं, म्हणून निक्षेप खरा. किनाऱ्याकडे माल हिमासोबतच येतो. तिथे निक्षेप घेतला तर संचयाचाच आलेख दुसऱ्या नावाने काढल्यासारखं होतं. दोन्ही काढा आणि प्रत्येकाचा संचयाशी सहसंबंध तपासा. ज्याचा कमी, तो घ्या.

वाऱ्याशी जुळवणी

आता ईआरए-५ सारख्या पुनर्विश्लेषणातले, म्हणजे जुनी निरीक्षणं आणि हवामानाचं संगणकीय प्रारूप जोडून पुन्हा रचलेले, वारे घ्या. ते १९४० पर्यंत मागे जातं, पण दक्षिण महासागरावर १९७९ पूर्वीचा भाग पारखणीला वापरू नका. कोअरची वार्षिक मालिका आणि नकाशावरच्या प्रत्येक चौकटीतला समुद्रावरचा वारा यांचा सहसंबंध काढला की वाऱ्याचा पट्टा नकाशावर डाग बनून दिसला पाहिजे. डाग हिंदी महासागरात किंवा विषुववृत्तावर उमटला आणि कोअरकडे येणाऱ्या हवेच्या पाच दिवसांच्या उलट्या वाटा तिथून येत नसल्या, तर तो योगायोग. हजारो चौकटींत शोधलं की पाच टक्के कुठेतरी जुळणारच.

दोन्ही मालिकांतला कल आधी काढून टाका. ओझोन छिद्रामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उन्हाळी पश्चिमी वारे ध्रुवाकडे सरकत जोरकस झाले. चढणाऱ्या कोणत्याही दोन रेघा एकमेकींशी छान जुळतात, त्याला अर्थ नाही. मग स्वसहसंबंधाची, म्हणजे एका वर्षाचा आकडा आधीच्या वर्षावर किती अवलंबून आहे त्याची, सूट द्या. ४० वर्षं आणि दोन्ही मालिकांचा एका वर्षाचा स्वसहसंबंध ०.४ असेल, तर परिणामकारक वर्षं ४० × (१ − ०.१६) ÷ (१ + ०.१६), म्हणजे २९. ४० वर्षांना ०.३१ चा सहसंबंध पुरला असता. २९ ना ०.३७ लागतो. कित्येक जुळण्या याच पायरीवर गळतात.

उरलेली जुळणी निम्म्या वर्षांवर बसवा आणि उरलेल्या निम्म्यांवर तपासा, मग अर्धी अदलाबदल करून पुन्हा. एका कोअरात हिमाच्या लाटांमुळे, म्हणजे सास्त्रुगींमुळे, एखादं वर्ष दुप्पट जाड तर पुढचं गायब असू शकतं. दहा-वीस किलोमीटरच्या अंतराने दुसरा, जमल्यास तिसरा कोअर घेऊन सरासरी काढली की हा स्थानिक गोंगाट दबतो. तीन उथळ कोअर एका खोल कोअरपेक्षा वाऱ्याबद्दल जास्त सांगतात, आणि खर्चही कमी.

तापमानाचा आलेख सोबत हवा असेल तर समस्थानिकांचे आकडे तयारच आहेत. मात्र अंशामागे ठरावीक उतार लावण्याची घाई नको. ग्रीनलंडमध्ये ठिकठिकाणच्या तुलनेतून मिळालेला ०.६७ प्रति मिल हा उतार हिमयुगाला लावला तेव्हा थंडी जवळपास निम्मी दिसली. भोकातलं तापमान थेट मोजल्यावर चूक उघडी पडली: हिमयुगात हिम पडण्याचा मोसम आणि बाष्पाचा उगम दोन्ही बदलले होते. वाऱ्याचा पट्टा सरकला की हेच दोन बदल होतात. त्यामुळे ऑक्सिजन-१८ आणि डायटम एकाच वेळी बदलले तर तापमान बदललं की फक्त वाट, हे ड्यूटेरियम एक्सेस बघून ठरवा. हायड्रोजनच्या आकड्यातून ऑक्सिजनच्या आकड्याची आठपट वजा केली की तो मिळतो, आणि बाष्प कोणत्या समुद्रावरून उठलं याचा सुगावा देतो.

माहिती जाहीर करताना वर्षासोबत खोलीचा रकाना ठेवा आणि कच्चे आकडे द्या, गुळगुळीत केलेले नव्हे. दहा वर्षांनी कोणीतरी शेजारी नवा कोअर काढेल, तांबोराची जागा दोन वर्षांनी सरकेल, आणि खोली नसेल तर तुमची सगळी मालिका पुन्हा बसवता येणार नाही. कोअरचा राखीव भाग त्याच कामासाठी उणे २० वर पडून असू द्या, त्यावरचा बाण पुसला गेलेला नाही ना, हे दरवर्षी बघून.